साडेतीन किलोमीटर, शंभर तास

२०२५च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्ष पेटला आणि आपल्याकडच्या चर्चांमध्ये अण्वस्त्रांचा हिशोब पुन्हा सुरू झाला. कुणाकडे किती, पल्ला किती, ‘प्रथम वापर नाही’ हे धोरण ठेवायचं की सोडायचं. हिरोशिमात राहून हे ऐकताना एक गोष्ट खटकते: आपली चर्चा स्फोटापाशी संपते. इथे ती तिथून सुरू झाली आणि ८० वर्षं सरली तरी संपलेली नाही.

बॉम्बमधून वाचलेल्यांना इथे ‘हिबाकुशा’ म्हणतात. तशी ओळख पटवणारं सरकारी आरोग्यपुस्तक १९५७च्या कायद्याने मिळू लागलं, म्हणजे स्फोटानंतर तब्बल १२ वर्षांनी. ते कुणाला मिळतं? स्फोटाच्या वेळी ठरलेल्या हद्दीत असलेल्यांना, नंतरच्या दोन आठवड्यांत केंद्रापासून साधारण २ किलोमीटरच्या आत शिरलेल्यांना, जखमींची शुश्रूषा करताना किंवा प्रेतं उचलताना किरणोत्सर्ग झेललेल्यांना, आणि यांच्यापैकी कुणाच्या पोटात असलेल्या बाळांना. कागद नसतील तर साक्षीदार आणायचे. घरदार, शेजारपाजार सगळं जळालेल्याने ते आणायचे कुठून? साक्ष इथे आधी सरकारदरबारी लागते; शाळेतल्या मुलांसमोर आपली कहाणी सांगणं नंतर.

पुस्तक मिळालं तरी आजार बॉम्बमुळेच झाला, ही मान्यता वेगळी. २००८च्या निकषांनुसार कर्करोगासारख्या आजारांत ती सहज मिळायची तर स्फोटाच्या वेळी माणूस साधारण साडेतीन किलोमीटरच्या आत असायला हवा, किंवा १०० तासांत केंद्राच्या २ किलोमीटर परिसरात आलेला हवा. त्याबाहेरच्यांनी भांडत बसायचं. ‘काळा पाऊस’, म्हणजे स्फोटानंतर पडलेला किरणोत्सर्गी पाऊस, अंगावर घेतलेल्या, पण सरकारी नकाशावरच्या रेषेपलीकडे राहिलेल्या ८४ जणांच्या बाजूने हिरोशिमा उच्च न्यायालयाने निकाल दिला तो २०२१ साली. मायदेशी परतलेल्या कोरियन हिबाकुशांची तऱ्हा आणखी वाईट. १९७४च्या एका परिपत्रकामुळे जपान सोडला की भत्ता बंद व्हायचा; ते रद्द व्हायला २००३ उजाडलं.

आणि कित्येकांनी पुस्तक मागितलंच नाही. मुलीचं स्थळ मोडेल, ही भीती. हे आपल्याकडे समजावून सांगावं लागू नये.

जपानला डोक्यावर घ्यायचं कारण नाही. अण्वस्त्रबंदीच्या २०१७च्या करारावर त्यांचीही सही नाही; अमेरिकेच्या छत्राखाली बसून शांततेची भाषणं चालतात. पण बाधितांची मोजदाद कशी करायची, यावर इथे निदान भांडण तरी होतं.

आपल्याकडे ७ मे २०२५ला मुंबईसह अनेक ठिकाणी नागरी संरक्षणाची मॉकड्रिल झाली. भोंगे वाजले, दिवे मालवले. हिरोशिमात शहरातले ९० टक्क्यांहून अधिक डॉक्टर आणि परिचारिका स्फोटातच मेल्या किंवा जखमी झाल्या होत्या. तेव्हा उपचार कोण करणार, आणि कोण कुठे होतं याची नोंद पहिल्या आठवड्यात कोण ठेवणार, हे त्या ड्रिलच्या निमित्ताने विचारायला हवं होतं. भोपाळमध्ये १९८४ साली स्फोट नव्हता, किरणोत्सर्ग नव्हता, इस्पितळं उभी होती. तरीही वायुबाधित कोण, हे सिद्ध करता करता लोक म्हातारे झाले.