बीथोवनचं पान ‘टॉवर’ नव्हे, ‘हर्मिट’
तुम्ही पाश्चात्त्य संगीतकारांना टॅरोची (भविष्य सांगायच्या चित्रपत्त्यांची) पानं वाटलीत, त्यात बीथोवनला ‘टॉवर’ दिलंत ते पटलं नाही. वीज पडून मनोरा कोसळतो, हे चित्र पाचव्या सिंफनीच्या पहिल्या चार सुरांपुरतं ठीक. पण माणूस कोसळला कुठे? १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाटहून भावांना उद्देशून लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, बहिरेपणामुळे जीव द्यायची वेळ आली होती, कलेनेच अडवलं. तिसरी सिंफनी त्यानंतरची! त्याचं पान ‘हर्मिट’च, म्हणजे एकांतवासी साधू: बर्फात एकटा उभा, हातात कंदील.

आईच्या आजारपणात मी रात्री त्याच्या ओपस १३२ क्वार्टेटचा (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा) तिसरा भाग ऐकायचे. १८२५ मध्ये स्वतः मोठ्या दुखण्यातून उठल्यावर त्याने तो देवाचे आभार म्हणून लिहिला. किती संथ, आणि तरी किती उजेड आहे त्यात. बाखला ‘हायरोफंट’ (धर्मगुरू) मात्र अगदी योग्य.