पुढं चांगलं हॉटेल आहे

मराठवाड्यात गाडीनं फिरताना उपाशी राहायचं असेल तर उपवास धरायची गरज नाही. गाडीत एक जाणकार माणूस असला की झालं. 'इथं नको, पुढं चांगलं हॉटेल आहे,' हे वाक्य तो पहिल्यांदा आडूळला म्हणतो. मग पाचोडला म्हणतो. शहागडच्या पुलावर गोदावरीला हात जोडता जोडता म्हणतो, गेवराईला जरा दबक्या आवाजात म्हणतो, आणि बीड येईपर्यंत मागच्या सीटवरचं बोलणं बंद झालेलं असतं.

आमच्या गाडीतले जाणकार म्हणजे आमचे साडू. राहायला पुण्यात. हॉटेलचा वास येण्याआधी त्यांना मोबाइलवर त्याचे तारे दिसतात. चार ताऱ्यांच्या खाली ते पाणीसुद्धा पीत नाहीत. सहकुटुंब तुळजापूरला निघालो होतो, म्हणजे संभाजीनगरहून सरळ सोलापूर-धुळे महामार्ग. 'धाराशिव जिल्ह्यात जायचं आणि मटण खायचं नाही? उस्मानाबादी शेळीचं नाव कुठवर आहे माहितीये का?' त्यांनी विषय काढला. वार मंगळवार. आई काहीच बोलली नाही. ओटीचं सामान असलेली पिशवी तेवढी तिनं मांडीवर ओढून घेतली. विषय संपला.

तसं पाहिलं तर हा त्रास आमच्या भागाला नवा नाही. मुहम्मद बिन तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणली. त्याच लवाजम्याबरोबर नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा आला, असं आमच्याकडं सांगतात. राजधानी गेली परत दिल्लीला, खलिया राहिला. पण दिल्लीहून दौलताबादपर्यंत एवढी माणसं चालत आली, त्यांच्यात 'इथं नको, पुढं बघू' म्हणणारा एकतरी साडू असणारच. नाहीतर राजधानी वाटेतच कुठंतरी थांबली असती.

आमच्या घराण्यात प्रवासातलं बिनभांडणाचं जेवण एकच, नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यातलं लंगर. तिथं 'काय घेणार?' असं कुणी विचारतच नाही. पंगतीत बसायचं, दोन्ही हात पुढं करून रोटी घ्यायची, ताटात पडेल ती डाळ खायची. साडू तिथं काजू करी आहे का म्हणून विचारत नाहीत, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. निवड काढून घेतली की माणूस किती गुणी होतो!

तर मांजरसुंबा गेलं, चौसाळा आलं. मागच्या पोरांनी बिस्किटांचे पुडे संपवून कागद चाटायला घेतले तेव्हा आई एवढंच म्हणाली, 'थांबव.' समोर पत्र्याचं शेड होतं. बोर्डावर कोल्ड्रिंकची बाटली मोठी आणि हॉटेलचं नाव उन्हानं उडालेलं. साडूंनी मोबाइल काढला, वर धरला, आडवा धरला. तारे नव्हते. चेहरा पडला.

टेबलाशी आलेल्या पोरानं फडकं मारता मारता यादी म्हणायला घेतली. 'पनीर मसाला, पनीर टिक्का, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, व्हेज हैदराबादी, शेवभाजी, दालफ्राय, दालतडका, जिरा राइस.' मधे श्वास नाही. आता गंमत बघा. याच मराठवाड्यात जालन्याची दगडी ज्वारी, बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच. तिघींना २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं. आणि महामार्गावरच्या मेनूत कोल्हापूर आहे, हैदराबाद आहे, पंजाब तर पानोपानी. आपलं तेवढं कुठं नाही. साडूंनी दोन काजू करी सांगितल्या आणि हॉटेलवर उपकार केल्यासारखे मागं टेकून बसले.

आई हात धुवायला मागं गेली ती परत येईना. बघायला गेलो. शेडच्या मागं चूल पेटलेली. मालकीणबाई काठवटीत भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरायचा, पाणी सुकलं की उलटायची, आणि मग चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांना टेकवून उभी राहायची. बघता बघता टम्म. खाली पोत्यावर मालक, आचारी आणि एक ट्रकवाला जेवायला बसलेले. पिठलं, अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, शेंगदाण्याचा ठेचा, ठेच्यात मधोमध आळं करून सोडलेलं कच्चं तेल, बुक्कीनं फोडलेला कांदा. आणि त्यांच्या रांगेत, चौथ्या पोत्यावर, आमची आई. अर्धी भाकरी संपलेली.

'हे मेनूत का नाही हो?' मी विचारलं.

मालक ओशाळला. 'हे आमचं घरचं हाय साहेब. चारचाकीतनं आलेल्या माणसाला पिठलं कसं वाढावं? नाव ठेवतेत लोक.'

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही, कारण कुणीच काही बोललं नाही. पोरं पिठल्याला नाक मुरडतील असं वाटलं होतं. त्यांनी वाटी बोटानं पुसून घेतली. ठेच्यानं साडूंच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहत होतं, आणि त्यांचा उजवा हात त्याची दखल न घेता चौथ्या भाकरीकडं जात होता. काजू करी टेबलावर तशीच, वर तेलाची साय धरून. मालकानं बिल काजू करीचंच लावलं. पिठल्या-भाकरीचे पैसे घ्यायला तो काही केल्या तयार होईना. म्हणजे जे खाल्लं नाही त्याचे पैसे आणि जे खाल्लं ते फुकट. निघताना आईनं मालकीणबाईंच्या हातात बळंच नोट कोंबली.

नंतर सरमकुंडी फाट्यावर पेढ्यांसाठी गाडी थांबली. तिथं मात्र 'पुढं चांगला पेढा आहे' असं म्हणायची साडूंचीही छाती होत नाही. कुंथलगिरीचा खवा आहे तो.

खरा घोळ त्याआधीच झाला होता. निघता निघता साडूंनी मालकाच्या खांद्यावर हात ठेवून सल्ला दिला होता. 'तुम्हाला कळत नाही, तुमच्याकडं सोनं आहे. बोर्ड लावा!'

पुन्हा त्या रस्त्यानं गेलो तर शेड ओळखू येईना. दर्शनी भागात बैलगाडीचं चाक, भिंतीवर वारली चित्रं, आणि फ्लेक्स: 'अस्सल गावरान थाळी, ३५०/-'. थाळी आली. पिठलं तांब्याच्या एवढ्याशा हंडीत, वर किसलेलं पनीर. भाकरीचे चार तुकडे करून टोपलीत उभे केलेले. कांद्याची फुलं. ठेचा मागितला तर पोरानं विचारलं, 'मीडियम का स्पायसी?' साडू म्हणाले, बघा, किती सुधारणा केली!

आई उठून मागं गेली. तिच्या पाठोपाठ मी. चूल तिथंच होती, पोती तीच, मालक आणि आचारी मांडी घालून जेवत होते. मी वाकून ताटात बघितलं.

काजू करी.

'आता थाळीच खपतीय ओ सगळी,' मालक घास गिळत म्हणाला. 'ही शिल्लक राहायलीय. कुणीतरी खाया पाह्यजे की.'