राजीनामा द्या आणि सावकार व्हा

भूमकर चौकाच्या कोंडीत पाऊण तास अडकल्यावर डोक्यात येतो, तोच माणसाचा खरा विचार. बाकीचे सगळे अप्रेझलपुरते. तेव्हा हिंजवडीतली नोकरी सोडायचं ठरलंच असेल, तर आता चार लोकांना विचारत बसू नका. बायकोने 'खायचं काय?' असं विचारलं, तर तिला तुमची एक्सेल शीट दाखवा. एक्सेलमधला भाडेकरू कधी भाडं थकवत नाही आणि तिथे ऋणको दर महिन्याच्या पाच तारखेला स्वतःहून उगवतो.

सुरुवात फ्लॅटपासून करा. समजा, पुण्यात 80 लाखांचा घेतलात. 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 5 लाख 60 हजार, वर नोंदणीचे 30 हजार. महिना 22 हजार भाडं धरलं, तर पहिली सव्वादोन वर्षं भाडेकरू सरकारसाठीच राहतो. पुढे हातात येतात वर्षाला 3.3 टक्के, त्यातून मेंटेनन्स आणि मालमत्ता कर वजा. मुदतठेवीत जास्त मिळाले असते, हे खरं. पण मुदतठेवीचं बाथरूम खालच्या मजल्यावर गळत नाही. मग नोकरी सोडून मोकळ्या झालेल्या सकाळी तुम्ही करणार काय?

फ्लॅटमध्ये मन रमत नसेल, तर जमीन आहेच. एजंट घरी गाडी पाठवेल, वाटेत मिसळ खाऊ घालेल आणि एका माळावर उभं करून हाताने हवेत रेघ ओढत सांगेल, "साहेब, इथून विमानतळ दहा मिनिटं." शंका घेऊ नका. पुण्याचं हे नवं विमानतळ आधी चाकण-राजगुरुनगरकडे येणार होतं, 2016 मध्ये पुरंदरला गेलं. ते दोन्हीकडे उतरण्याआधीच भाव मात्र उडाले. पारगाव-कुंभारवळणच्या ज्या शेतकऱ्यांची जमीन त्यात जाणार, ते विरोधात उभे राहिले. पण माळावर गेलं की एजंट तुमची पाठ नेमकी त्या बाजूला करतो.

आता किरकोळ अडचणी. 1948 च्या कुळकायद्याचं कलम 63 म्हणतं, शेतकरी नसलेल्याने परवानगीशिवाय शेतजमीन घ्यायची नाही. म्हणजे तुम्हाला आधी शेतकरी व्हावं लागेल. त्यासाठी गावी जा, आजोबांचा सातबारा काढा आणि ज्या चुलत्यांशी तुमचे वडील बोलत नव्हते, त्यांना वारसनोंदीसाठी गोड बोला. दुसरी अडचण 1947 च्या तुकडेबंदी कायद्याची, जो शेतजमिनीचे फार छोटे तुकडे पाडू देत नाही. दोन गुंठ्यांचा वेगळा दस्त होत नसेल, तर एजंटकडे उपाय तयार असतो: अकरा अनोळखी माणसं मिळून एकच सामाईक खरेदीखत. सातबाऱ्यावर अकरा नावं आणि जागेवर चुन्याच्या रेघा, त्याही पहिल्या पावसापर्यंत. कंपनीत टीम बिल्डिंगला लोणावळ्याला नेत. इथे तीच टीम मोजणीच्या दिवशी बांधावर भेटते आणि कुणाच्या हातात मोबाइलवरच्या पोलचं मेंटिमीटर ॲप नसतं, टिकाव असतो.

तरी हे सगळं पोटापुरतं. खरी मजा पैसे व्याजाने फिरवण्यात आहे.

दर ठेवा शेकडा तीन रुपये, महिन्याला. वर्षाला 36 टक्के झाले, हे मोठ्याने म्हणू नका. 2014 च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली ठरवून दिलेले दर ऐकले, तर तुम्हाला वाईट वाटेल: शेतकऱ्याला तारणावर 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांना 15 आणि 18. तेही वर्षाला. शिवाय सहकार खात्याचा परवाना, ठरावीक नमुन्यातली वही, घेणाऱ्याला पावती. एवढं करायचं होतं, तर कंपनीतला कम्प्लायन्स विभाग काय वाईट होता? परवान्याशिवाय धंदा केला, तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तुम्ही तर फक्त 'मित्रांना मदत' करता. मित्र सध्या सतरा आहेत, एवढंच.

रक्कम रोखीने देऊ नका. वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख कर्ज घेणाऱ्याला आयकर खातं तेवढाच दंड लावू शकतं. तुमचं त्यात काही बिघडत नाही. पण ज्याच्याकडून वसूल करायचं, त्याला आपल्याआधी दुसऱ्या कुणी लुटू नये. पैसे बँकेतून द्या, सही केलेले कोरे चेक घ्या आणि तारण म्हणून जमिनीचं थेट खरेदीखतच करून घ्या. तोंडी सांगा, "पैसे फिटले की परत फिरवून देतो." कायद्यात मात्र एक वाईट खोड आहे. सावकारीतून बळकावलेली जमीन असेल, तर मागच्या पंधरा वर्षांतला व्यवहारही जिल्हा निबंधक उकरून काढू शकतो आणि जमीन मूळ मालकाला परत देऊ शकतो. एवढ्या वर्षांत तुम्ही तिथे फार्महाऊस बांधलं असेल, आंबे लावले असतील. कुणाला काही भावनाच नाहीत.

पूर्वी असल्या धंद्याला जोखीम फार होती. 12 मे 1875 रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले. माणसं मारायची नव्हती, कागद नष्ट करायचे होते. तुम्ही आयटीतले. कागद क्लाउडवर ठेवा, बॅकअप घ्या, पासवर्डमध्ये जन्मतारीख टाकू नका.

गिऱ्हाईक कुठून येणार, ही चिंताही करू नका. तुम्ही सोडलेल्या कंपनीत पुढची कपात झाली की तुमच्याच जुन्या टीममधला कुणीतरी फोन करेल. घराचे दोन हप्ते थकलेत, मुलाच्या शाळेची फी भरायची आहे, बँक आता पगाराची स्लिप मागतेय. तुमच्या निरोप समारंभात त्यानेच केक कापायला सुरी आणली होती. "अरे, बोल ना, संकोच कसला," असं म्हणा. चहा पाजा, हिंजवडीतला ट्रॅफिक कसा आहे विचारा. मग पाच लाख मागितले असतील, तर 4 लाख 85 हजार पाठवा. पहिल्या महिन्याचं व्याज आधीच कापून. आणि फ्लॅटचे मूळ कागद कुठे आहेत, हे त्याच्याकडून नको, वहिनींकडून विचारून घ्या.