सातबाऱ्यावरचे नाव आणि गलूशा ग्रो

जो औत धरत नाही, त्याने सातबाऱ्यावरून नाव काढून घ्यावे आणि शेतीच्या कायद्यांवर तोंड उघडू नये, असा वाद सध्या आमच्या भावकीत पेटला आहे. माझ्या धाकट्या चुलतभावाच्या लेखी वकील, नोकरदार आणि आम्ही परदेशात गेलेले, सगळेच उपरे. त्याच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. पण त्याचा हा नियम मला मान्य नाही.

मी राहतो त्या अमेरिकेतल्या स्क्रँटन शहरातून एटी-वन महामार्गाने बिंगहॅम्टनकडे निघाले की सस्क्वेहाना काउंटी लागते. तिथल्या ग्लेनवुडचा गलूशा ग्रो विधवा आईच्या शेतावर वाढला, १८४७ मध्ये वकील झाला, प्रकृती ढासळल्यावर शेतावर परतला आणि १८५० मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेला. सरकारी जमीन सट्टेबाजांच्या घशात न जाता कसणाऱ्याला मिळावी, हा ध्यास त्याने सोडला नाही. १८६० मध्ये राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी तसे विधेयक फेटाळले; अखेर ग्रो त्या सभागृहाचा सभापती असताना, २० मे १८६२ रोजी, होमस्टेड कायद्यावर लिंकन यांची सही झाली. औत आणि कायदा दोन्ही ठाऊक असलेल्या माणसाच्या हातून हे घडले, हे भावाने ध्यानात घ्यावे.

ती जमीन मूळ रहिवाशांची होती, हा त्या कायद्यावरचा डाग आहेच. तरी १६० एकर नाममात्र शुल्कात मिळत आणि एकट्या स्त्रीला किंवा नागरिक होऊ पाहणाऱ्या परदेशी माणसालाही अर्ज करता येई. अर्जदार आधीपासून शेतकरी असावा, अशी अट नव्हती. महाराष्ट्रात मात्र बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी विकत घेता येत नाही.

अट होती ती पाच वर्षे तिथे राहून जमीन कसण्याची, आणि ते दोन साक्षीदारांकरवी सिद्ध करावे लागे. इथे माझा आवाज खाली येतो. यंदा विहिरीला पाणी किती आहे, बांध कोणी कोरला, हे मला फोनवर कळते. माझ्या बाजूने शपथ घेणारे दोघे गावात मिळणार नाहीत. भावाने हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवला आहे. उत्पन्नातला वाटा मी कधी मागितला नाही, पुढेही मागणार नाही; पण वडिलांमागे वारसाने लागलेले ते नाव सोडले, तर त्या गावचा म्हणवून घ्यायला माझ्याकडे दुसरा कागद नाही. म्हणून मी सही करणार नाही.