सरकार भाडं देतं, घर नाही

पुण्यात भाड्याचा विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात, आणि दोन्ही इंग्लंडचं नाव घेऊन मांडली जातात. एक म्हणतं, ‘तिकडे सरकारच भाडं भरतं, इथेही सुरू करा, वाकड-खराडीच्या भाड्यांचा प्रश्न सुटेल.’ दुसरं म्हणतं, ‘तिकडे लोक सरकारी भाड्यावर बसून खातात, ती सवय आपल्याला नको.’ दिवाळीच्या फोनवर चुलते पहिलं वाक्य म्हणतात आणि मावशी दुसरं. मला दोन्हींचा सारखाच राग येतो. पैसे मंजूर झाले म्हणजे घर मिळालं, असं दोघंही धरून चालतात. इथली, म्हणजे इंग्लंडमधली, भाड्याची जाहिरात कधी हातात धरली असती तर तसं वाटलं नसतं.

पुण्याहून स्किल्ड वर्कर या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या माणसाला ही मदत मिळतच नाही. सरकारी निधी घ्यायचा नाही, ही व्हिसाची अटच असते. कर आणि नॅशनल इन्शुरन्स पहिल्या पगारापासून कापला जातो. मदतीचा हक्क कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर येतो. त्यामुळे ‘तुमचं बरं आहे’ हे ज्यांना ऐकवलं जातं, त्यांतले बरेच जण ही मदत देणाऱ्यांच्या रांगेत आहेत. जे घेतात त्यांतही नोकरी करणारे आहेत. युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांची ती मासिक सरकारी मदत जिच्यात भाड्याचा वाटाही असतो, पगारासोबत मिळतं आणि पगारातल्या जादा पौंडामागे ५५ पेन्सनी घटतं. बसून खाणं याला म्हणत नाहीत.

शिवाय मदत भाड्याइतकी नसते. प्रत्येक भागाचा लोकल हाउसिंग अलाउन्सचा, म्हणजे भाड्यापोटी जास्तीत जास्त किती मदत मिळेल याचा, दर ठरलेला असतो. त्या भागातली भाडी चढत्या क्रमाने मांडली तर खालून तिसाव्या टक्क्यावर जे भाडं येतं, तो दर. २०११ पर्यंत तो मधल्या भाड्यावर होता. एप्रिल २०२४ चे दर सप्टेंबर २०२३ पर्यंतच्या वर्षभरातल्या भाड्यांवर बेतले गेले, आणि २०२५ च्या एप्रिलमध्ये ते जागचे हलले नाहीत. भाडी मात्र हलली. दहातली तीन घरं परवडावीत हा हिशेब कागदावर राहतो, कारण तेवढ्या भाड्याचं रिकामं घर बाजारात असावं लागतं.

खोल्यांचा हिशेबही आधी समजून घ्यायला हवा. पुणेकर हॉल-किचनसकट २ बीएचके म्हणतो. इथे फक्त बेडरूम मोजतात. जोडप्याला एक, दहा वर्षांखालच्या दोन मुलांना मिळून एक, मग मुलगा-मुलगी असली तरी. सोळाच्या आतली दोन मुलं एकाच लिंगाची असतील तरी त्यांना एकच. आठ वर्षांचा मुलगा आणि सहा वर्षांची मुलगी असलेल्या कुटुंबाने तीन बेडरूमचं घर घेतलं तरी दर दोनचाच मिळतो. त्यावर सगळ्या मदतीची मिळून कमाल मर्यादा आहेच: कुटुंबाला लंडनमध्ये वर्षाला २५,३२३ पौंड, बाहेर २२,०२०.

पस्तिशीच्या आतल्या एकट्या माणसाला, काही अपवाद सोडले तर, दुसऱ्याच्या घरातल्या एका खोलीचाच दर लागू होतो. २०१२ च्या आधी ही अट पंचविशीपर्यंत होती. सदाशिव-नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची मुलं कॉट बेसिसवर राहतात, त्याचंच हे सरकारी रूप. पण इथे त्या मुलाच्या नावावर काहीतरी लेखी असतं. पुण्यात कॉटवाल्याच्या हातात अनेकदा साधी पावतीही नसते, आणि उद्या भाड्याची मदत सुरू झाली तर तो कोणत्या कागदावर मागणार आहे?

आता घर शोधणं. समजा, दोन बेडरूमचा दर महिना ८०० पौंड आहे आणि राइटमूव्ह या घरांच्या जाहिरातींच्या साइटवर त्या भागातलं सगळ्यात स्वस्त घर ९५० ला आहे. दरमहा दीडशे पदरचे. एजंट आधी वार्षिक उत्पन्न विचारतो, आणि साधारण ठोकताळा मासिक भाड्याच्या तीसपटीचा: २८,५००. तेवढं असतं तर मदत कशाला लागली असती? एजंटसाठी भाडेकरूची ऐपत तपासणाऱ्या काही कंपन्या मदतीचे पैसे उत्पन्नात धरतात, काही धरत नाहीत. म्हणून घर बघायला जाण्याआधी फोनवर विचारायचं: तुमची तपासणी युनिव्हर्सल क्रेडिट उत्पन्न म्हणून मोजते का? मोजत नसेल तर तिथला वेळ आणि बसभाडं वाचवायचं. मोजत असेल तर त्याच दिवशी मदतीच्या शेवटच्या तीन महिन्यांची विवरणं, बँकेचे उतारे, भाडं वेळेवर गेल्याच्या नोंदी आणि आधीच्या मालकाचं पत्र एकाच फाइलमध्ये पाठवायचं. कागद दोन दिवसांनी पोचले तर घर गेलेलं असतं. एजंटपेक्षा एक-दोन घरं असलेला मालक बरा, तो माणूस बघून ठरवतो.

पसंत पडलं की एका आठवड्याचं भाडं घर धरून ठेवण्यासाठी: ९५० ला बारा, भागिले बावन्न, म्हणजे २१९ पौंड. अनामत जास्तीत जास्त पाच आठवड्यांची, १,०९६. ही मर्यादा २०१९ च्या कायद्याची. अनामत मालकाने तीस दिवसांत मान्यताप्राप्त संरक्षण योजनेत नोंदवायची असते. एवढी रक्कम हाताशी नसेल तर कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, अनामतीच्या मदतीसाठी जायचं, पण करार करण्याआधी. मागाहून गेलात तर ‘घर तर मिळालंय’ असं उत्तर येऊ शकतं.

सगळ्यात महागडी चूक करारानंतर होते. युनिव्हर्सल क्रेडिटचा हिशेब महिन्याच्या शेवटच्या दिवशीच्या परिस्थितीवर होतो, आणि तो महिना प्रत्येकाचा वेगळा, अर्जाच्या तारखेपासूनचा. नवं भाडं त्याच महिन्यात कळवलं तर त्या अख्ख्या महिन्यासाठी धरलं जातं. महिना उलटल्यावर कळवलं तर तो महिना सहसा हातचा जातो. तेव्हा किल्ली मिळाली त्याच दिवशी युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये नोंद करायची, करार जोडायचा. नव्याने अर्ज करणाऱ्याला पहिले पैसे पाच आठवड्यांनी मिळतात, मालकाला मात्र भाडं पहिल्या दिवशी हवं असतं. भाडेकरू आणि मालक यांच्यातला निम्मा अविश्वास या पाच आठवड्यांत तयार होतो. पैसे थेट मालकाच्या खात्यात जावेत यासाठी इंग्लंडमध्ये साधारणपणे दोन महिन्यांची थकबाकी किंवा भाडेकरूची तशीच नाजूक परिस्थिती लागते. मालक घाबरतो त्यात त्याचं सगळंच चुकतं असं मी म्हणणार नाही.

पण घाबरणं वेगळं आणि दारावर पाटी लावणं वेगळं. ‘नो डीएसएस’, म्हणजे सरकारी मदत घेणारे नकोत, ही पाटी इथे वर्षानुवर्षं होती. ज्या समाजसुरक्षा खात्याची ती इंग्रजी आद्याक्षरं, ते २००१ मध्येच बंद झालं, पाटी उरली. जुलै २०२० मध्ये यॉर्कच्या न्यायालयाने अशी सरसकट बंदी समानता कायद्याविरुद्ध ठरवली. २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्याने ती इंग्लंडमध्ये थेट निषिद्ध केली: मदत घेता म्हणून किंवा मुलं आहेत म्हणून नकार द्यायचा नाही, दंड सात हजार पौंडांपर्यंत. लागू होण्याची तारीख १ मे २०२६. आपल्याला ती महाराष्ट्र दिनामुळे लक्षात राहील. तरीही उत्पन्न पुरत नाही म्हणून नकार देता येतोच. दार आता पाटीने नाही, गणिताने बंद होतं.

ते गणित सुटण्याचा एक मार्ग म्हणजे जामीन राहणारा माणूस. तो इथलाच हवा, त्याचं उत्पन्न बहुधा भाड्याच्या छत्तीसपट, म्हणजे ३४,२०० पौंड, आणि शक्यतो स्वतःचं घर. इथे वाढलेल्याला आई-वडील असतात. आपल्याला कोण असतं? पूर्वी अनेक जण सहा महिन्यांचं भाडं आगाऊ भरून ही अट चुकवत. नव्या कायद्याने एका महिन्यावर आगाऊ भाडं मागायला बंदी आणली, ते गरिबांसाठी योग्यच झालं, पण एक दार त्याने मिटलं. कोथरूडमध्ये घर शोधणाऱ्याला मालक ‘कोणाच्या ओळखीने आलात?’ असं विचारतो, तेव्हा एखादा मामा, एखादे कुलकर्णी काका, कोणीतरी निघतं. इतकी वर्षं इथे राहून, कर भरून, गॅरंटरच्या त्या रकान्यात लिहायला माझ्याकडे नाव नाही. पुण्यातली ती ओळख मला तेव्हा आठवते, आणि तिची किंमत इथेच कळली.

पण त्याच ओळखीच्या जोरावर पुणे किती जणांना बाहेर ठेवतं, हेही इथूनच दिसलं. ‘फॅमिली ओन्ली’, ‘बॅचलर नकोत’, ‘नॉनव्हेज चालणार नाही’. हे लिहायला कोणाला चोरी वाटत नाही, सोसायटीची कमिटी तर ते मीटिंगमध्ये मांडते. भाडेकरू ठेवला म्हणून मालकाकडून सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घ्यायचं नाही, हा २००१ पासूनचा नियमही किती कमिट्यांना ठाऊक असतो? भाड्याची मदत द्यायची तर सरकारला नोंदणीकृत करार लागेल. महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ नुसार तो नोंदवणं मालकाचीच जबाबदारी आहे. पंचवीस हजार भाडं, पंच्याहत्तर हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आसपास आणि नोंदणीचे हजार. पैसा आड येत नाही. करारात भाडं कमी दाखवून उरलेलं रोख घेणारा मालक आड येतो, आणि मदत घेणाऱ्याला पहिला नकार तोच देईल. बाकी भाड्याला सरकारी हातभार पुण्यात आजही आहे: जुन्या करप्रणालीतली घरभाडे भत्त्याची सूट. तिला कोणी फुकटेपणा म्हणत नाही, कारण ती पगारदाराला मिळते.

हे सगळं इंग्लंडमध्ये बसून सुनावणं सोपं आहे. आमच्यातल्या कितीतरी जणांचे बाणेर-बालेवाडीत फ्लॅट आहेत, आणि ब्रोकरला ‘फॅमिली, शक्यतो आयटीवाले’ असा मेसेज आम्हीच इथून पाठवतो. मीही पाठवला आहे. इथल्या एजंटने उत्पन्नाचा आकडा बघून फाइल मिटली तर मला तो अन्याय वाटतो, आणि तिकडे माझ्या दारात उभ्या असलेल्या अविवाहित मुलीचा पगारसुद्धा मी विचारला नव्हता.