धन्वंतरींच्या नावावरचा तो श्लोक आणि आमच्या बाळाचा डोस

काल मावशीने फॅमिली ग्रुपवर टाकलेला मेसेज तुमच्याकडेही फिरत आला असेल. देवीची लस इंग्रज डॉक्टर जेनरने नाही तर धन्वंतरींनी शोधली, शाक्तेय ग्रंथात गाईच्या सडावरच्या फोडांचा श्लोक आहे, इंग्रजांनी ती चोरली, आपली जुनी टोचणी नैसर्गिक आणि निर्धोक होती, म्हणून बाळांना परदेशी लसी देऊ नका. एरवी मी सोडून दिलं असतं, पण तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन वहिनी रात्री विचारते, "मग तिसरा डोस राहू देऊ का?"

टोचणी आपल्याकडे होती, हे खरंय, मान्य. ईस्ट इंडिया कंपनीच्या हॉलवेल नावाच्या डॉक्टरने 1767 मध्ये लंडनच्या डॉक्टरांसाठी बंगालमधल्या टीकादारांचं, म्हणजे देवी टोचणाऱ्यांचं, वर्णन लिहिलंय: आदल्या वर्षीच्या फोडांतला पू लागलेला कापूस गंगाजलाने ओला करून दंडावरच्या ओरखड्यावर ठेवायचा आणि पुढचे दिवस अंगावर गार पाणी ओतायचं. जेनरचा गाईच्या देवीच्या पूपासून लस देण्याचा प्रयोग 1796 चा, म्हणजे हे त्याच्याही आधीचं.

पण निर्धोक? अहो, तो पू माणसाच्या देवीचा होता, गाईच्या नाही! बहुतेकांना सौम्य देवी यायच्या, काहीजण दगावायचे, आणि टोचलेलं पोर अंगावर फोड असताना शेजारच्या न टोचलेल्या पोराला खरीखुरी, पूर्ण जोराची देवी द्यायचं. ह्याच कारणाने इंग्लंडने 1840 मध्ये ही टोचणी कायद्याने बंद केली. तिला नैसर्गिक म्हणताय, तर देवीसुद्धा नैसर्गिकच होती ना!

चोरीचं तर बोलूच नका. लस समुद्रमार्गे येताना उन्हाने निकामी व्हायची, म्हणून व्हिएन्नाहून बगदाद, तिथून बसरा, मग मुंबई असा प्रवास करून ती आली आणि 14 जून 1802 ला मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली. इथल्याच गोठ्यात मिळत असती तर एवढा खटाटोप कुणी केला असता?

आता तो श्लोक. 1819 च्या सुमारास मद्रासच्या एका वर्तमानपत्रातून तो पुढे आला. संस्कृतचे अभ्यासक डॉमिनिक वुयास्तिक यांनी 1987 मध्ये ह्या सगळ्या दाव्याचा माग काढलाय: जुन्या अस्सल आयुर्वेदिक ग्रंथांत गाईच्या लशीचा पत्ता नाही, लोकांनी नवी लस बिनविरोध घ्यावी म्हणून तिला जुन्या शास्त्राचा आधार जोडला गेला. म्हणजे लोकांनी लस घ्यावी म्हणून रचलेला मजकूर आज लस टाळायला वापरताय, मावशी, ह्याचाच मला राग येतो.

मावशी, तुझ्या आणि आईच्या दंडावर ते गोल खळगे आहेत ना, ते देवीच्या लशीचेच आहेत. माझ्या दंडावर नाहीत, कारण 1975 नंतर भारतात देवीचा रुग्णच राहिला नाही, मग ती लसही थांबली.

वहिनी, परवा आरोग्य केंद्रात बाळाला न्यायचंय, मी येते सोबत, कार्ड घेऊन ठेव.