‘आधी स्वतःचं बघा’ हे उत्तर नव्हे

माझा मावसभाऊ, आमचा दादा, निर्यातीच्या धंद्यात आहे. पुरवठा साखळीत कुठेही लहान मुलं राबत असतील तर त्याची जबाबदारी मोठ्या कंपन्यांवर टाकणारा निर्देश युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केला. तेव्हापासून घरच्या ग्रुपवर दादाचं एकच पालुपद चालू आहे. यांनी आपली पोरं गिरण्यांत आणि खाणींत राबवून घेतली, श्रीमंत झाले, आणि आता करून करून भागले अन् देवपूजेला लागले. आपला माल अडवायला यांना निमित्त हवंय. आणि पोरगं आईबापाबरोबर चार कामं शिकलं तर बिघडलं कुठे? मी जर्मनीत राहते, म्हणून शेवटचं वाक्य माझ्यासाठी असतं: तुम्ही तिकडचे लोक त्यांचीच री ओढणार.

यातलं बरंचसं खरं आहे, म्हणूनच माझी जास्त चिडचिड होते. तेव्हाच्या प्रशिया या जर्मन राज्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली ती १८३९ मध्ये. त्याआधी मुलं राबत होती आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं राबली. पण दादाचा मुद्दा नवा नाही. तो मुंबईत १४० वर्षांपूर्वी होऊन गेला आहे.

१८८१ चा फॅक्टरी कायदा आला तेव्हा त्याच्यामागे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरणीमालकांचा जोर होता. मुंबईच्या गिरण्यांचं स्वस्त सूत त्यांना खुपत होतं. हेतू स्वार्थीच होता, यात शंका नाही. सात वर्षांखालच्या मुलांना गिरणीत घ्यायचं नाही आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही, एवढंच तो कायदा म्हणत होता. तरी मुंबईच्या मालकांनी आणि त्या काळच्या बऱ्याच राष्ट्रवादी मंडळींनी ओरड केली, की हा देशी उद्योगाचा गळा घोटण्याचा डाव आहे. तेव्हा कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे काय करत होते? ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक चालवत होते. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन दिलं. आठवड्याची सुट्टी, दुपारची विश्रांती, कामाचे ठरलेले तास त्यांनी मागितले. कायदा कुणाच्या पोटदुखीतून आला, यापेक्षा तो कामगाराच्या पदरात काय टाकतो, हे त्यांनी पाहिलं. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. आमच्या घरात लोखंड्यांचं नाव आदराने घेतात. मग त्यांच्यासारखा विचार करायला इतका संकोच का?

दादाचा हुकमी एक्का म्हणजे बांगलादेश. १९९२ मध्ये सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीचा माल अमेरिकेत येऊ नये असं विधेयक मांडलं. ते कधी कायदा झालंच नाही, पण नुसत्या धास्तीने ढाक्याच्या तयार कपड्यांच्या कारखान्यांनी सुमारे ५०,००० मुलं काढून टाकली. त्यांतली बरीच शाळेत गेली नाहीत. कुणी खडी फोडायला लागली, कुणी रस्त्यावर आली, काही मुली त्याहून वाईट ठिकाणी पोचल्या. हे युनिसेफनेच लिहून ठेवलं आहे. दूर बसून केलेल्या नैतिकतेची ही किंमत मुलांनी मोजली, हे मी दादाइतकंच ठामपणे म्हणेन. पण दादा गोष्ट तिथेच थांबवतो. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्यात करार झाला: शाळेत जागा झाल्याशिवाय मूल काढायचं नाही, आणि शाळेत जाणाऱ्याला दरमहा विद्यावेतन द्यायचं. आधी शाळा, हातात थोडे पैसे, आणि मग काम बंद. हा क्रम धडा म्हणून कुणी सांगत नाही. ‘बंदी घातली की मुलं उपाशी मरतात’ एवढंच सांगतात, कारण ते सोयीचं आहे.

मी इथे फरसबंदीचा दगड विकणाऱ्या एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. नगरपालिकेच्या टेंडरला बालमजुरी नसल्याचं प्रमाणपत्र लागतं, दफनभूमीतल्या शिळांनाही बऱ्याच राज्यांत लागतं, म्हणून आम्ही निर्यातदारांना प्रश्नावली पाठवतो. तुमच्याकडे पंधरा वर्षांखालची व्यक्ती काम करते का? समोरच्या चौकटीत ‘नाही’वर खूण, खाली सही-शिक्का. उत्तर खोटंही नसतं. निर्यातदाराच्या गोदामात खरंच कुणी मूल नसतं. पण राजस्थानात बुंदी जिल्ह्यातल्या बुधपुऱ्यात वालुकाश्माच्या टाकाऊ तुकड्यांतून छोटे चौकोनी दगड घडवतात ते घरासमोर बसून, छिन्नी-हातोडीने, नगावर मजुरी घेऊन. नगावर मजुरी म्हटली की घरातले जितके हात, तितके नग. आईच्या बाजूला मुलगी बसतेच. तिला कुणी कामावर ठेवलेलं नाही, त्यामुळे ती कुठल्याही चौकटीत येत नाही. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू आहे. पण नियमित तपासणी तो थेट पुरवठादारापर्यंतच मागतो. त्याच्या मागे काय चाललंय याची चौकशी ठोस माहिती हाती आली तरच. ती यावी असं कुणाला वाटतं, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला आहे. दगडाचा भाव दरवर्षी खाली पाडणारा विभाग आणि ही प्रश्नावली पाठवणारा विभाग एकच आहे, हेही बोलून दाखवलं. पुढच्या मुद्द्यावर गेलो.

म्हणजे मी इथल्या लोकांची वकील नाही. दादाला हे पटत नाही.

आणि आपल्याकडचं? ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजतात. मजूर आणणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. उचल फिटेपर्यंत टोळी फडात, मुलं कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत. थोरली पोर धाकट्याला सांभाळते, पाणी आणते, वाढं गोळा करते, मोळ्या बांधू लागते, आणि दिवाळीनंतर तिचं शाळेतलं नाव नुसतं हजेरीपटावर उरतं. जोडी लागते म्हणून मुलींची लग्नंही लवकर लावतात. बीड जिल्ह्यातल्या कुणाला हे माहीत नाही? साखरशाळा झाल्या, २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आली, म्हणजे सरकारलाही माहीत आहे. पण २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने या साखरेचा माग कोका-कोला आणि पेप्सीच्या खरेदीपर्यंत काढला, तेव्हा आमच्या ग्रुपवर राग आला तो न्यूयॉर्क टाइम्सचा. कारखाना म्हणतो, मजूर आमचे नाहीत, मुकादमाचे. मोठी कंपनी म्हणते, फड आमचा नाही, कारखान्याचा. माझ्या प्रश्नावलीतली पळवाट फडातही तीच आहे.

‘घरच्या कामात मदत’ हा दादाचा युक्तिवाद तर आपल्या कायद्यातच आहे. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना सगळीकडे कामाला बंदी केली, पण घरच्या धंद्यात शाळेनंतर आणि सुट्टीत मदत करायला मुभा ठेवली. दादा मला इथली पत्रकं वाटणारी मुलं दाखवतो. हो, आमच्या बिल्डिंगमधला मुलगाही वाटतो. तेरा वर्षं पूर्ण, दिवसाला दोन तास, शाळेच्या आधी नाही, संध्याकाळी सहानंतर नाही. आणि तो सोमवारी वर्गात दिसला नाही तर सव्वाआठला शाळेच्या ऑफिसातून आईला फोन येतो. फडात तो फोन कोण करणार? मदत आणि मजुरी यांतला फरक कुणीतरी मोजला तरच टिकतो, आणि आपण मोजायला माणूसच ठेवत नाही.

तरी कँटीनमध्ये एखादा सहकारी सहानुभूतीच्या सुरात म्हणतो, ‘तुमच्याकडे मुलं फार राबतात ना,’ तेव्हा माझ्या तोंडून दादाच बोलतो. मग मी अमेरिकेचं उदाहरण काढते. २०२३ मध्ये तिथे एका सफाई कंपनीला १५ लाख डॉलर दंड झाला, कारण आठ राज्यांतल्या कत्तलखान्यांत १०२ मुलं रात्रपाळीला धोकादायक यंत्रं धूत होती. कोकोबद्दल बोलते: चॉकलेट कंपन्यांनी २००१ मध्ये स्वखुशीने वचन दिलं, आणि २०२० च्या पाहणीत आयव्हरी कोस्ट आणि घानात कोकोच्या शेतीत १५.६ लाख मुलं निघाली. सहकारी गप्प होतो, आणि मला बरं वाटतं. ते बरं वाटणं खोटं नाही. माझ्या माणसांबद्दल परक्याने हळहळावं हे मला अजून सोसत नाही. पासपोर्ट बदलून झाला, तरी ‘तुमच्याकडे’ म्हटलं की मान वर होते. आणि ग्रुपवर ‘तुम्ही तिकडचे’ म्हटलं की रात्री झोप येत नाही. दोन्हीकडे मला आधी कुणाच्या बाजूची ते विचारतात, आणि बुधपुऱ्यातल्या मुलीवर यायला वेळ उरत नाही.

इथेही हवा फिरली आहे. २०२५ च्या नव्या सरकारने पुरवठा साखळी कायदा रद्द करून हलका कायदा आणायचं आघाडीच्या करारात लिहिलं, ब्रसेल्समध्ये, म्हणजे युरोपीय संघातही, मुदती पुढे गेल्या. कारण काय, तर उद्योगांवर ओझं. स्टुटगार्टचा कारखानदार आणि माझा दादा आयुष्यात कधी भेटणार नाहीत, पण या एका गोष्टीवर दोघांचं एकमत आहे.

जगात अजून सुमारे १३.८ कोटी मुलं मजुरी करतात, हा आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांचा २०२४ चा अंदाज. त्यांतली निम्म्याहून जास्त शेतीत, म्हणजे फडासारख्याच ठिकाणी. दादाला मी एवढंच विचारलं आहे: गाळप सुरू होताना टोळीबरोबर किती मुलं आली, कुठल्या वयाची, कुठल्या शाळेतली, याची नोंद कारखान्याने गेटवर ठेवली आणि ती खरेदीदाराला दाखवणं सक्तीचं केलं, तर तुझा विरोध आहे का? हा कायदा मुंबईत होऊ दे, ब्रसेल्सचं नाव त्यात नको. दादाने उत्तरादाखल जर्मनीतल्या पेपर टाकणाऱ्या मुलांचा आणखी एक व्हिडिओ पाठवला. मी तोच प्रश्न पुन्हा टाकला आहे.